हातातली बाहुली

दिवे लागले तेव्हा पडद्यावर बाहुली अजून तरंगतच होती. तिच्यावरून नावं सरकत होती आणि खाली ती, सोनेरी केसांची, गुलाबी झग्यातली, पाण्यावर उताणी. लोकांनी आधी नाकं पुसली, मग टाळ्या वाजवल्या. कुणीतरी पडदा कोरा केला आणि स्टेजवर तीन खुर्च्या मांडल्या.

एक दिग्दर्शकाची, एक चर्चा घडवून आणणाऱ्या प्राध्यापकांची आणि तिसरी एका बाईची. ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात शिलाई करायची, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. सिनेमातली बुडणारी लाँच ज्या खऱ्या लाँचवरून घेतली होती, तिच्यात तिची मुलगी गेली होती. पाहुण्या म्हणून तिला बोलावलं होतं. धाकटा भाऊ सोबत होता. तिला पायऱ्यांपर्यंत पोहोचवताना तो कानाशी म्हणाला, “ताई, दोनच शब्द बोल. छान झालाय म्हण आणि खाली ये.”

प्राध्यापकांनी बाहुलीपासूनच सुरुवात केली. बाहुली म्हणजे निष्पापपणा, म्हणाले. मुलगी बुडते, बाहुली बुडत नाही, यातच सगळं आलं. एका गृहस्थांच्या मते बाहुली म्हणजे व्यवस्था होती, बघ्याची भूमिका घेणारी. चष्मेवाल्या एका मुलीला तिच्यात समस्त स्त्रीजात दिसली. मागून कुणी देशाची सदसद्विवेकबुद्धी काढली. इतकं ओझं अंगावर पडूनही ती तरंगत कशी राहिली, याचंच खरं तर नवल करायला हवं होतं. दिग्दर्शक हनुवटीखाली हात धरून सगळ्यांना मान डोलावत होता. कुणाचंच चुकत नव्हतं.

ती मांडीवरचा पुष्पगुच्छ सांभाळत बसली होती. तिच्या मुलीची बाहुली असली नव्हतीच. कारखान्यातल्या चिंध्या भरून तिनेच ती शिवली होती, डोळ्यांच्या जागी शर्टाची दोन बटणं लावून. आणि ती तरंगलीही नव्हती. मुलीला वर काढलं तेव्हा बाहुली मुलीच्या मुठीतच होती.

हे सगळं तिने दिग्दर्शकाला सांगितलं होतं. तो घरी आला होता, खाली बसून चहा प्याला होता, मधे एकदाही बोलला नव्हता. म्हणून तर तिच्या तोंडून ती गोष्ट निघून गेली, जी तिने आजवर कुणाला सांगितली नव्हती. भावालासुद्धा नाही. नंतर तिला हलकं वाटलं. आता हे पडद्यावर येईल, सगळे बघतील, आपल्याला एकटीला धरून बसावं लागणार नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. आज सगळा सिनेमा ती त्या एका वाक्याची वाट बघत बसली. ते आलं नाही. सिनेमातली आई काठावरून बाहुली बघते, तिला लगेच सगळं कळतं आणि ती किंचाळते. फार सुंदर किंचाळते.

प्राध्यापक पुढच्या प्रश्नाकडे वळले तसं तिने दिग्दर्शकाकडे वाकून हळूच विचारलं, मी सांगितलेलं ते नाही का घेतलंत?

“लिहिलं होतं,” तो तितक्याच हळू म्हणाला. “पण ताई, लोक हसले असते. त्या जागी हसू परवडत नाही.”

त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. त्याला खरंच वाईट वाटत होतं. तेवढ्यात प्राध्यापकांनी माइक तिच्या हातात दिला आणि म्हणाले, आता बाहुलीबद्दल दोन शब्द आपण सांगा, तो अधिकार आपलाच. पहिल्या रांगेतून भावाने बोटांनी खूण केली, दोनच.

छान झालाय, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. पण दुसरंच वाक्य, इतकी वर्षं दाबून ठेवलेलं, त्याच्या पुढे घुसलं.

“तिला काठावर आणून निजवली होती,” ती म्हणाली. “अंग गार होतं. मला वाटलं, पाण्याने असेल. मी तिचे तळवे चोळत होते. डॉक्टर आले. त्यांनी तिची पापणी वर केली, डोळ्यात बॅटरी मारली आणि नर्सला म्हणाले, बाहुली हलत नाही.”

प्राध्यापकांनी सहानुभूतीने मान हलवली.

“बाहुली तर तिच्या हातात होती. मी म्हटलं, अहो डॉक्टर, चिंध्यांची आहे ती, ती कशी हलेल? पोरीचं बघा.”

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. अगदी सहज, निसटल्यासारखं. लगेच शेजारच्यांनी त्याला गप्प केलं. भावाने मान खाली घातली. दिग्दर्शकाने तिच्याकडे पाहिलं. मी म्हटलं नव्हतं का, असं त्या पाहण्यात होतं, आणि थोडी दयाही होती.

तिने माइक परत तोंडाजवळ नेला.

“हसू दे त्यांना,” ती म्हणाली. “तेव्हा मीपण हसले होते.”