तीन वर्षांची हमी

जर्मनीतल्या केमनिट्झ शहरातला नळांचा कारखाना एका गुंतवणूक फंडानं विकत घेतला. "तीन वर्षं कुणालाही काढणार नाही," हा शब्द त्यांनी पाळला. यंत्रं तेवढी उचलून परदेशात नेली. झिल्के आणि तिचे सोबती रोज सकाळी सहा ते दुपारी दोन रिकाम्या शेडमध्ये बसून राहायचे.

"एवढी कंटाळलीस तर सोड की नोकरी," शेजारी बसणारा आन्सगार तिला चिडवायचा.

"आणि अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीच्या भरपाईवर पाणी सोडू? त्यांनी काढलं तरच मिळते ती. काढू देत ना मला त्यांनीच!"

मुदत संपली त्या सकाळी झिल्के मुद्दाम केस रंगवून, नटून आली. मॅनेजर हसतच आत शिरला.



"अभिनंदन मंडळी! आपल्याला दुसऱ्या फंडानं घेतलंय, आणि त्यांनीही तीन वर्षांची हमी दिलीय."