कॅमेऱ्याला कान नसतात

तुम्ही चोर आहात. छतातल्या काळ्या काचेमागे बसून खाली बघत राहणाऱ्यांनो, तुम्हालाच सांगणं आहे. हरणाऱ्याला तुम्ही खुर्ची देता, फुकट व्हिस्की देता, झोपायला खोली देता. त्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता, रीनोमधल्या तुमच्या कॅसिनोत, तीन नंबरच्या टेबलावर जिंकणाऱ्या बाईला काय दिलंत?

व्हर्ना टोलिव्हर सलग नऊ डाव जिंकली होती. बसतानाच तिने पानं वाटणाऱ्या मरितेसला सांगितलं होतं, “पोरी, आज मी अर्लचं गॅरेज परत घेऊन जाणार.” अर्ल तिचा नवरा. गॅरेज त्याने ह्याच खुर्चीत बसून घालवलं होतं.

मरितेसने अकरा वर्षांत ह्या टेबलावर सगळे नमुने पाहिले होते. पानांवर फुंकर मारणारे, मेलेल्या आईला हाक मारणारे, नशीब उघडावं म्हणून खिशातला सशाचा पाय कुरवाळणारे. ही बाई कुणालाच हाक मारत नव्हती. ती नुसती बघत होती. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. समोर रस्ता, वर आरसा, आरशात पोरांची डोकी. किती चढली, किती उतरली, किती उरली. एकही पोर कधी बसमध्ये विसरलं नाही. आता पोरांच्या जागी पानं होती, एवढाच फरक. मरितेसला तिच्याकडे बघताना हात थांबवून टाळी वाजवावीशी वाटत होती.

दहावा डाव. व्हर्नाच्या पाच पिवळ्या चिपा, एकेक हजार डॉलरची. पानं आली राजा आणि राणी. वीस. एकवीसच्या खेळात वीस आल्यावर माणूस हात बांधून गप्प बसतो. मरितेससमोर छक्की उघडी होती.

व्हर्नाने आणखी पाच चिपा शेजारी ठेवल्या आणि दोन बोटं फाकवली. राजा वेगळा, राणी वेगळी. एकाचे दोन डाव.

इथे तोंडाने सांगितलेलं चालत नाही. वरच्या कॅमेऱ्याला कान नसतात. बोट आपटलं की पान द्यायचं, तळवा फिरवला की थांबायचं.

“अहो बाई, वीस मोडताय? डोकं ठिकाणावर आहे का?” शेजारचा वेंडेल ओरडला. तो दातांचा डॉक्टर. सकाळपासून हरत होता आणि ह्याही डावात बावीसवर मेला होता; एकवीसच्या पुढे गेलं की डाव गेला.

“डॉक्टर, तू दात बघ. पानं मला बघू दे.”

मरितेसला कळलं. वीस दोघंच मोडतात, एक मूर्ख आणि दुसरा ज्याला पानांच्या पेटीत काय उरलंय ते पाठ आहे तो. लहान पानं उतरून गेली होती. मोठी अजून बसमध्ये होती.

राजावर नव्वी पडली. राणीवर अठ्ठी. व्हर्नाने दोन्हींवर तळवा फिरवला. मरितेसने आपलं झाकलेलं पान उलटलं, दश्शी. सोळाला घराला, म्हणजे कॅसिनोतर्फे पानं वाटणाऱ्याला, आणखी एक पान घ्यावंच लागतं. तिने घेतलं. गुलाम.

सव्वीस. घर फुटलं.

“आयला!” वेंडेल एवढंच म्हणाला आणि हरलेला असूनही हसला.

गॅरेजला आता एकच डाव कमी होता. मरितेस दहा पिवळ्या चिपा मोजून सरकवत होती, तेवढ्यात मागचा फोन वाजला. टेबलांचा मुकादम ग्लेन दोनदा “हो सर” म्हणाला आणि आला. आधी वेंडेलकडे वळला.

“डॉक्टरसाहेब, दुपारचं जेवण आमच्याकडून. स्टेक सांगू ना?” मग व्हर्नाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, “मॅडम, तुमचा खेळ आम्हाला झेपत नाही. चाक फिरवा, फासे टाका, काहीही खेळा. एकवीस मात्र नको.”

“मी फसवलं?”

“नाही मॅडम.”

“काही लपवलं?”

“नाही. तुम्ही फार चांगलं खेळता.”

व्हर्नाने त्याचा हात खांद्यावरून उचलून बाजूला केला.

“ग्लेन, अर्ल ह्या खुर्चीत चौदा वर्षं हरत बसला. तू त्याला नावाने हाक मारायचास. वाढदिवसाला केक पाठवायचात तुम्ही. ‘अर्ल, तुला हे झेपत नाही, घरी जा,’ असं सांगायला तुमच्यातला एक जण तरी आला?”

ग्लेनने नकळत छताकडे पाहिलं. व्हर्नानेही पाहिलं, त्या काळ्या काचेकडे. मग तिने बोट उचललं आणि रिकाम्या हिरव्या कापडावर दोनदा आपटलं.

“द्या उत्तर.”