कूलरचं खोकं

वर्षाराणीच्या दारात त्या सकाळी पाच खोकी होती. एक वॉशिंग मशिनचं, एक कूलरचं, एक मिक्सरचं आणि दोन पंख्यांची. सगळ्यात मोठं पुढे उभं होतं. त्याच्यावरच्या चित्रातली बाई नेमकी सत्यशीलाच्या खिडकीकडे बघून हसत होती. सत्यशीलाने खिडकीतून पुन्हा मोजली. पाचच भरली.

दोघी सख्ख्या जावा. घरकुलांच्या वसाहतीत दोघा भावांना शेजारशेजारची घरं लागली, मधे एकच भिंत. सोडतीत कोपऱ्यावरचं, जास्तीच्या खिडकीचं घर धाकट्या भागवतला निघालं आणि तेव्हापासून थोरली सत्यशीला जावेच्या घराची पायरी चढली नाही. नवऱ्यालाही तिने तिकडे जायची बंदी घातली. त्यामुळे जावेच्या घरात काय नवीन आलं, हे तिला दारातल्या कचऱ्यावरून काढावं लागे.

दुपारी तिने भिंतीला कान लावला. मशिनचा आवाज येईना. भारीतलं असणार, तिने अनुमान काढलं. हलकं असतं तर घरघरलं असतं.

"तुमी दोघं भाऊ एकाच अड्ड्यावर रिक्षा लावता न्हवं?" तिने नवऱ्याला, बंकटला विचारलं. "मग त्याच्याच रिक्षात काय सोन्याच्या सवाऱ्या बसतेत?"

"मला तर त्यानं काय घेतल्याचं सांगितलं न्हाई."

"त्यो कशाला सांगंल? खोकी सांगतेत की."

वसाहतीचं दुखणं वेगळंच होतं. पाण्याच्या टाकीजवळची कचराकुंडी कायम ओसंडलेली. मागे नाल्याच्या काठावर कुणाचा तरी टेम्पो बाजारातल्या दुकानांचा कचरा ओतून जायचा. थर्माकोल, पुठ्ठे, सडकी भाजी. तो ढीग आता कमरेला लागत होता. त्याबद्दल सगळ्यांनी सह्या करून पालिकेत तक्रार दिली होती. सत्यशीलाने दुसरी तक्रार फोनवर केली, नाव न सांगता. कोपऱ्यावरच्या घरातली बाई कुंडीत कचरा टाकत नाही, दारात मांडून ठेवते.

पालिकेचा स्वच्छता निरीक्षक रामप्रसाद आला. बायका जमल्या. सत्यशीला सकाळीच पाखडलेली ज्वारी पुन्हा सुपात घेऊन ओट्यावर बसली.

रामप्रसादने वॉशिंग मशिनचं खोकं आडवं केलं. तळाला नाल्याचा काळा चिखल होता, त्यात कुजक्या कोथिंबिरीची काडी रुतलेली. त्याने कूलरचं खोकं उलटलं. त्यालाही तोच चिखल.

"ताई, ही तर मागल्या ढिगातली दिसतेत," तो वर्षाराणीला म्हणाला. "वाऱ्यानं उडून आली आसतील. तसं म्हणा, दंड लागायचा न्हाई."

सत्यशीलाचं सूप थांबलं. वर्षाराणी धुणं टाकून तशीच बाहेर आली होती. हात कोपरापर्यंत साबणाच्या फेसाने भरलेले. तिच्यामागे दार सताड उघडं होतं आणि सगळी खोली दिसत होती. एक खाट, एक पत्र्याची कोठी आणि छताला पंख्यासाठी सोडलेला हूक. हूक रिकामा होता.

वर्षाराणीने आधी जावेकडे पाहिलं, मग निरीक्षकाकडे.

"एवढं मोठं खोकं वाऱ्यानं कसं यील, सायेब? समदी आमचीच हायेत. फाडा पावती."

"भरती की दंड," मागून एक बाई दुसरीला म्हणाली. "ऐपत हाय म्हणून भरती."

सत्यशीलाच्या जिभेवर एकच वाक्य होतं. जरा त्या हुकाकडं बघा. तेवढं म्हटलं की झालं असतं. तिने सूप खाली ठेवलं, ओटा उतरली आणि पुढे आली.

"तिच्या एकटीच्याच नावानं कावून फाडता?" ती म्हणाली. "ह्यातलं कूलरचं आमचं हाय."

रामप्रसादने एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि दोन पावत्या फाडल्या.

"कवा घेतला, अक्का, कूलर?" वर्षाराणीने हातावरचा फेस पुसत विचारलं. "आमाला कसा ऐकू आला न्हाई?"

"भारीतला हाय," सत्यशीला म्हणाली. "आवाज करत न्हाई."

आठ दिवसांनी मागचा ढीग उचलायला पालिकेचा ट्रॅक्टर आला. ढीग आधीच गुडघ्याच्या खाली उतरला होता. त्यात थर्माकोल होतं, सडकी भाजी होती, पुठ्ठ्याचं खोकं एकही नव्हतं. वर्षाराणीच्या दारात सात होती. सत्यशीलाच्या दारात आठ.