तिसऱ्या भागातला तह

सरूकाकीने वालाचं गाठोडं ओट्यावर ठेवलं, पाणी नको म्हणाली, आणि पदराची गाठ सोडून एक पेनड्राइव्ह अंबरीशच्या हातावर ठेवला. त्याला राख लागलेली होती.

"नितेशचा," ती म्हणाली. "तुमचा तो किल्ल्यांचा खेळ."

अंबरीशने तो लगेच ओळखला. कॉलेजच्या वर्षांत काकी, नितेशची आई, रोह्याहून पेणच्या बाजाराला यायची, तेव्हा हाच पेनड्राइव्ह तिच्या पदरात बांधलेला असे. नितेश तिकडे आपली चाल खेळे, अंबरीश इकडे आपली, आणि काकीच्या परतीबरोबर डाव पुन्हा रोह्याला जाई. एका डावाला वर्षही लागे. घाई कुणालाच नव्हती.

मग त्या खेळाचा तिसरा भाग आला आणि त्याच्या पहिल्याच डावात दोघांचं बिनसलं. पहिल्या दोन भागांत एकच जण जिंकायचा. तिसऱ्यात तह करून दोघांनाही जिंकता यायचं. नितेशला नेमकं तेच आवडलं. "लढाईत तह? मग सत्यनारायणच घाल की," असं अंबरीश त्याला चारचौघांत म्हणाला होता. त्यानंतर आठ वर्षं पेनड्राइव्ह आला नाही. रुसला असेल तर रुसू दे, म्हणून यानेही फोन केला नाही. आणि गेल्या भादव्यात कोलाडच्या पुढे हायवेवर नितेश ट्रकखाली गेला.

हल्ली नेटवर जो तो लिहितोय, त्या मालिकेत खरी अक्कल तिसऱ्या भागातच होती. वरातीमागून घोडं. अंबरीशनेही मागच्या महिन्यात तो पुन्हा खेळून पाहिला आणि स्वतःचीच लाज वाटली. पण कॉम्प्युटर तह करत नाही. तहाला समोर माणूस लागतो.

त्याने राख पुसून पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. चालेल असं वाटत नव्हतं, पण चालला. नकाशा उघडला आणि मधोमध नितेशचा निरोप आला. तह. ज्या नदीकाठच्या किल्ल्यासाठी तो सात महिने झुंजला होता, तो त्याने अंबरीशला देऊ केला होता. खाली विचारलं होतं, मान्य आहे का?

"काकी, हा मला तेव्हा का नाही मिळाला?"

"मीच आणला नाय." काकी गाठोड्याकडे बघत होती. "सारखा त्या खेळात असायचा. शेतावर बापाला हात नाय, काय नाय. म्हटलं, तुटू दे एकदाचा. त्याला सांगितला, अंबरीशला दिला, त्यानं परत नाय दिला. पयले पयले दर बाजाराला इचारायचा. मग इचारायचा बंद झाला."

"आणि हा?"

"बियाण्याच्या डब्यात, राखेत ठेवला. पोराची वस्तू, टाकवली नाय. दरवर्षी वाल पेरायला काढताना हाताला लागायचा. परत राखेत घालायची." तिने गाठोडं पुढे सरकवलं. "यंदा पेरला नाय. पेरणार कोण? हा बियाण्याचाच वाल हाय. धुऊन खा."

अंबरीशला तिच्यावर ओरडावंसं वाटलं. पण फोन तर त्याच्याही खिशात होता, सगळी आठ वर्षं. त्याने 'मान्य' दाबलं. नकाशावरचे दोघांचे झेंडे एका रंगाचे झाले आणि खाली नेहमीची सूचना आली: आता नितेशची चाल.

सवयीने त्याने डाव सेव्ह केला आणि पेनड्राइव्ह काढला. काकीने हात पुढे केला होता.

"काकी, आता तिकडे कोण..."

"तेव्हा आणला नाय," ती म्हणाली. "परत तरी नेते."

तिने तो पदरात घेतला, एकावर एक दोन गाठी मारल्या, आणि रोह्याची एसटी चुकेल म्हणून उठली.