यादीतलं शेवटचं नाव

पीयूषचं लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. नवरदेवाची बहीण गुंजन, म्हणजे माझी नात, हिनं हळदीचं आमंत्रण मोबाइलवर पाठवायला प्रोग्राम लिहिला. यादीत तीनशे नावं होती. प्रत्येक संदेशानं आपापलं नाव सोबत न्यायला हवं होतं. त्याऐवजी 'यादीवर प्रोग्रामचं बोट असेल ते नाव' एवढंच संदेशांनी धरून ठेवलं. सकाळी संदेश निघाले तेव्हा बोट शेवटच्या नावावर पोचलं होतं. शहरातल्या सेक्टर सहापासून बाहेरच्या रसमडा गावापर्यंत सगळ्यांच्या फोनवर एकच मजकूर गेला : "तुळसाबाई, हळद लावायला नक्की या."

तुळसाबाई माझी थोरली बहीण. विधवा झाल्यापासून चाळीस वर्षं प्रत्येक हळदीला ती स्वयंपाकघरातच बसायची.

बायका हसतच मांडवात शिरल्या. "आमी तं साऱ्या तुळसाबाईच आहो! खरी कोनती, तिले बाहेर काढा!" त्यांनी तिला हाताला धरून आणलं. पीयूषला पहिली हळद तिनंच लावली, आणि मग त्यांनी तिलाही माखलं.

संध्याकाळी मी गुंजनला विचारलं, "कावून वं, तुह्या मशीननं चूक दाखवली नाही?"

"प्रोग्राम तपासनाऱ्या कंपायलरनं वॉर्निंग देली होती, आबा. सगळ्यांले शेवटचंच नाव जाईल म्हने."

"मंग?"

"शेवटचं नाव कोनाचं आहे ते पाहिलं, अन् तसंच राहू देलं."

तुळसाबाई पुढच्या माघात वारली.