गाड्यांचा सिनेमा

बोम्मसंद्र्याजवळ कार उलटून शंतनु गेला, त्याला सहा महिने झाले. हेब्बाळच्या फ्लॅटमध्ये त्याची बायको सुखदा आणि वडील पुरुषोत्तमराव, एवढेच उरले. दर रविवारी पुरुषोत्तमराव गाड्यांच्या पाठलागाचा तोच जुना विनोदी सिनेमा लावत आणि गाड्या धडकून उलटल्या की टाळ्या वाजवून हसत.

आज सुखदाने टीव्हीची वायरच उपटली.

"हसू कसं येतं तुम्हाला? लाज नाही वाटत? उद्याच्या उद्या पुण्याला निघून जा!"

"जाईन. पण आधी तो लाव. एवढा सीन संपू दे."

"काय ठेवलंय त्यात?" ती किंचाळली.

 

"यातली माणसं उलटलेल्या गाडीतूनसुद्धा कपडे झटकत बाहेर येतात गं."