शटरवरची वाकडी रेघ

"घे, मार तुझी रेघ," म्हणत शौकतचाचांनी खडू पुढे केला. माझी आणि रणधीरची, दोघांच्याही मोटोक्रॉसच्या बाईक तेच बघायचे, आणि जिंकलेल्या प्रत्येक शर्यतीची रेघ त्यांच्या गॅरेजच्या शटरवर असायची. रणधीरच्या बारा, माझ्या अकरा.

पण आज शेवटच्या उडीला रणधीर पाठीवर आपटला, म्हणून मी जिंकलो होतो. माझ्याच्यानं रेघ मारवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलातून त्याचाच फोन आला. "मणका शाबूत आहे. पायाची बोटं हलतायत. रेघ मारलीस?"

"नाही."

"मार की लेका! फुकटची आघाडी मला नको. बरा झालो की तेरावी मारायला येतोय."

तसाच गॅरेजवर धावलो आणि घाईघाईत मारलेली रेघ वाकडी आली. पुसायला गेलो, तर चाचांनी अडवलं.

"राहू दे. वाकडी आहे म्हणून भांडायला येईलच तो."